लोक मत देणार नाहीत

काशिनाथ कुडाळकडचा, न्हाव्याचा मुलगा. आखाती युद्धानंतर कुवेत पुन्हा उभं राहत होतं तेव्हा तो तिथे गेला आणि बरीच वर्षं तिथल्या जहरा शहरातल्या एका सलूनमध्ये बदू अरबांच्या आणि इजिप्शियनांच्या दाढ्या करत राहिला. २००७ साली वाळवंटातल्या एका अमेरिकन छावणीत सलून निघालं आणि कंत्राटदाराने त्याला तिथे नेलं. त्याचा हात हलका होता. जीभ त्याहून हलकी. गिऱ्हाईक एकदा तरी हसल्याशिवाय त्याच्या खुर्चीतून उठत नसे.

छावणीत त्याची पहिली गाळण उडाली ती काळ्या सैनिकांच्या केसांनी. इतके दाट, बारीक कुरळे केस त्याने कधी कापले नव्हते. मशीन मध्येच अडे, खड्डे पडत. तेव्हा जॉर्जियाच्या सार्जंट मिल्टनने आपलं डोकं त्याच्या हवाली केलं. उंच, कमी बोलणारा माणूस. आरशात बघत तो सांगायचा, "इथे मशीन उलटी धर. घाई नको. बिघडलं तर टोपी आहेच." महिना-दोन महिन्यांत काशिनाथचा हात बसला. आता काळे सैनिक त्याच्याच खुर्चीसाठी थांबत. शेजारच्या खुर्चीवरचा मालवणचा शत्रुघ्न त्याला 'सार्जंटाचो जावई' म्हणून चिडवायचा.

२००८चा जानेवारी उजाडला आणि सलूनमधल्या टीव्हीवर एकच विषय सुरू झाला. अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाने कोणाला उभं करायचं, याचीच आधी पक्षातल्या पक्षात निवडणूक होती. हिलरीबाई, ओबामा आणि एडवर्ड्स. सैनिकांची मतं टपालाने जायची, त्यामुळे केस कापताना वाद रंगत. काशिनाथला हे सगळं गावच्या राजकारणासारखंच वाटायचं. त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो प्रत्येकाचं माप काढी. एडवर्ड्सचे केस सगळ्यांत सुंदर, पण निम्मा वेळ आरशापुढेच जात असणार. बाई हुशार, पण नवऱ्याची सावली मोठी. सैनिक खदखदा हसत.

एका दुपारी एक गोरा कॉर्पोरल त्याच्या खुर्चीत होता. त्याने विचारलं, "आणि ओबामा?"

"बोलतो फार छान," काशिनाथ म्हणाला. "माणूस चांगला. माझं काही नाही. पण लोक काळ्या माणसाला मत देणार नाहीत. अध्यक्ष कसा, अध्यक्षासारखा दिसायला हवा."

कॉर्पोरल हसला नाही. त्याने आरशातून मागे पाहिलं. काशिनाथनेही पाहिलं. भिंतीलगतच्या बाकावर सार्जंट मिल्टन आपल्या पाळीची वाट बघत बसला होता.

कॉर्पोरल उठला. मिल्टन येऊन त्याच खुर्चीत बसला आणि म्हणाला, "नेहमीसारखं." काशिनाथने त्याच्या गळ्याभोवती चादर बांधली आणि मशीन सुरू केली.

केस कापता कापताच त्याला कळलं की ते वाक्य त्याचं स्वतःचं नव्हतं. गावात एकदा ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती. रस्त्यासाठी, पाण्यासाठी धावणारा म्हणून पोरांनी त्याचं नाव पॅनेलसाठी सुचवलं. पॅनेल ठरवणारे राजाभाऊ त्याच्यापुढे दाढीला बसले होते. वस्तरा गालावर असतानाच ते शांतपणे म्हणाले, "काशिनाथा, माणूस तू चांगलो. माझा काय नाय. पण लोक न्हाव्याच्या झिलाक मत देवचे नाय." त्याने दाढी पूर्ण केली होती, तुरटी फिरवली होती. त्याच वर्षी त्याने पासपोर्ट काढला. गावी कोणी विचारलं तर तो सांगे, कुवेतला पगार बरा.

आता तेच शब्द, त्याच क्रमाने, त्याच्या तोंडून बाहेर पडले होते. कोणी शिकवलेही नव्हते.

मिल्टन गेल्यावर शत्रुघ्न हळूच म्हणाला, "असा कित्याक बोललंस रे?"

"माका ठावक नाय," काशिनाथ म्हणाला, आणि खाली पडलेले केस झाडायला लागला.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने मिल्टनला भोजनशाळेबाहेर गाठलं. इंग्रजी वाक्यं त्याने पाठ करून आणली होती, ती सगळी विसरली. "सार्जंट, मी चुकीचं बोललो. माझ्या गावात मलाही असंच बोलले होते. तरी मी बोललो."

मिल्टनने ऐकून घेतलं. म्हणाला, "माझी आईसुद्धा हेच म्हणते. लोक त्याला निवडून देणार नाहीत, आणि दिलं तर जगू देणार नाहीत. म्हणून ती हिलरीला मत देणार आहे. मी तिच्याशी रोज भांडतो." तो थोडा थांबला. "पण तिला भीती वाटते, काशिनाथ. तुला कसली भीती होती?"

कॉर्पोरलने हसावं, एवढंच काशिनाथला हवं होतं. ते सांगायची त्याला लाज वाटली.

"माफ केलं," मिल्टन म्हणाला आणि आत गेला.

त्यानंतरही तो दर आठवड्याला येई आणि काशिनाथच्याच खुर्चीत बसे. फक्त आता डोळे मिटून बसे. मशीन कशी धरायची ते सांगत नसे. सांगायची गरजही उरली नव्हती. त्याने खुर्ची बदलली असती तर बरं झालं असतं, असं काशिनाथला वाटे. फेब्रुवारीत जॉर्जियात ओबामा जिंकल्याची बातमी आली तेव्हा सलूनमध्ये टाळ्या पडल्या. काशिनाथलाही आनंद झाला होता, पण हातातली कात्री खाली ठेवून टाळी वाजवायचा धीर त्याला झाला नाही.

शुक्रवारी त्याने बायकोला, प्रभाला, फोनवर सगळं सांगितलं.

"त्याची माफी मागलास मा?" तिने विचारलं.

"मागलंय. तेणा दिली पण."

"मगे आता कित्याक रडतंस?"

"दिली म्हणान," तो म्हणाला.

एप्रिलमध्ये मिल्टनची तुकडी परत गेली. निघताना त्याने सलूनमधल्या सगळ्यांशी हात मिळवला, काशिनाथशीही. काशिनाथने दोन्ही हातांनी तो हात धरला, पण मान वर केली नाही.