सराणीसमोरची जागा

पत्रक कसं लिहायचं ते मला येतं. आधी अन्याय सांगायचा, मग तो कोण करतो ते सांगायचं आणि शेवटी लोकांनी कुठे जमायचं ते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मी शिकलो ते एवढंच, आणि एवढ्यावर माझं बरं चाललं होतं. लालबागच्या भिंती रंगवल्या, परळच्या चाळींतून पत्रकं वाटली, गिरण्यांच्या दारांवर गळा बसेपर्यंत बोललो. त्यामुळे बाबांच्या छातीत दगडाची धूळ बसली आहे असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं ते हे, की याला जबाबदार कोण.

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कोण म्हणजे? दगड," ते म्हणाले. "यांना धुळीपासून लांब ठेवा. दुसरं औषध माझ्याकडे नाही."

बाबा खडे घासायचे. अंगठीत, कुड्यांत बसवतात ते, पैलू नसलेले, घुमटासारखे गुळगुळीत खडे. भोईवाड्याजवळच्या आमच्या चाळीत बाकी सगळे पुरुष गिरणीत, एकटे बाबा घरात. गिरगावातल्या एका सराफाकडून ओबडधोबड तुकडे आणायचे आणि घासून, चकाकी देऊन परत न्यायचे. त्यासाठी आमच्या खोलीत दाराशी सराण मांडलेली होती. सराण म्हणजे कुरुंद या कठीण दगडाची पूड लाखेत कालवून केलेली जाड चकती. लाकडी पाटावर दोन खुंट, त्यांत आडवा दांडा, दांड्यावर ही चकती आणि दांड्याला वेढा दिलेली कमानीची दोरी. कमान पुढेमागे ओढली की चकती फिरते. बाबा उंबऱ्याच्या बाजूला, दाराचा उजेड खांद्यावरून येईल असे बसून खडा धरायचे. आई समोर, दाराआडच्या कोपऱ्यात बसून कमान ओढायची. माझ्या जन्माआधीपासून हे असंच होतं.

डॉक्टरांकडून आल्यावर मी जाहीर केलं की उद्यापासून बाबा सराणीवर बसणार नाहीत, मी बसणार. घर त्या खड्यांवर चालत होतं, तेव्हा कुणीतरी बसायला हवंच होतं. बाबा हसले. हसताना त्यांना खोकला आला आणि तो थांबेपर्यंत मी वाद जिंकला होता.

बाकी काही जिंकलो नाही. खडा बोटांत धरायचा नसतो, लाख तापवून काडीच्या टोकाला चिकटवायचा असतो. लाख कमी तापली तर खडा सुटतो, जास्त तापली तर तडकतो. माझे दोन्ही व्हायचे. चिकटला तरी काडी सारखी फिरती ठेवावी लागते, थोडी कलती, थोडी उभी, पुन्हा कलती. क्षणभर हात थांबला की घुमटावर पाट, म्हणजे सपाट डाग, पडतो, आणि तो पाट काढायला शेजारी घासावं तर तिथे दुसरा. असं करत करत खडा वाटाण्याएवढा उरायचा. बाबा खाटेवरून बघत असायचे.

"ह्यो खडो काय शेंगदाणो?" ते विचारायचे.

मी चिडायचो. चिडलो की जोर लावायचो, आणि जोर लावला की पाट आणखी मोठा.

"त्येका भाषण देव नको, झिला. काडी फिरव."

एकदा मला एक खडा साधला. चकचकीत, अगदी दुकानात ठेवावा असा. मी नाचतच तो बाबांकडे नेला. त्यांनी तो धोतराच्या सोग्याला पुसला आणि माझ्या हातात परत दिला. ओला होता म्हणून चमकत होता. कोरडा झाल्यावर त्याच्यावर मांजराने बोचकारल्यासारख्या रेघा. ओला दगड कुणालाही फसवतो, हे बाबांनी मला आधी सांगायला हवं होतं असं मी म्हणालो. ते म्हणाले, सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का.

मी धुळीवरही इलाज करायला निघालो. सराणीवर पाण्याची धार सोडायची, धूळ उडणारच नाही. इतकी साधी गोष्ट इतकी वर्षं कुणाला सुचू नये याचा मला संताप आला. पाणी सोडलं. खडा चकतीवरून नुसता निसटायला लागला. पहिला घास कोरडाच घ्यावा लागतो, ओली सराण चावत नाही, हे बाबांना माहीत होतं आणि तेही मी विचारलं नव्हतं. शेवटची चकाकी पाण्याने येते, पण धूळ सगळी पहिल्या घासात.

तरी महिन्यांमागून महिने गेले तसा हात थोडा वळला. सराफ कुरकुरत का होईना, माझे खडे ठेवून घ्यायला लागला. बाबा सराणीपासून सुटले होते. सभांना माझं जाणं कमी झालं म्हणून मित्र टोमणे मारायचे, पण मनातून मी खूश होतो. एका माणसाला तरी मी सोडवलं होतं.

मग बाबांना घेऊन पुन्हा दवाखान्यात गेलो. सोबत आई. डॉक्टर बाबांची छाती तपासत होते, तेवढ्यात मागे बाकावर आई खोकली. मग पुन्हा. डॉक्टर वळले.

"तुम्ही काय करता, बाई?"

"काय नाय," आई म्हणाली. "घराकच असतंय."

बाबांनी मान डोलावली. माझीही मान हलायलाच आली होती. डॉक्टर परत बाबांकडे वळले आणि नळी त्यांच्या पाठीला लावली. मी आईकडे पाहत राहिलो. तिच्या भुवयांवर, कानाच्या पाळीमागे, पदराच्या चुण्यांत तांबूस पीठ बसलेलं होतं. ते मी रोज पाहत होतो. गॅलरीतून वारा दारातून आत येतो, सराणीवरून जातो आणि धूळ घेऊन सरळ त्या कोपऱ्यात जातो. बाबा बसत होते तेव्हाही जायचा, मी बसतो तेव्हाही जातो. फरक एवढाच, की आता ती धूळ मी उडवत होतो.

मी मोठ्याने म्हणालो, डॉक्टर, हीच समोर बसून कमान ओढते. डॉक्टरांनी तिला तपासलं. बराच वेळ तपासलं. मग म्हणाले, यांनाही लांब ठेवा.

रस्त्याने आई माझ्यावरच रागावली. चारचौघांत कशाला सांगायला हवं होतं? तिचा खोकला जुना होता, माहेरचा होता, मुंबईच्या हवेचा होता. 

मी कामाला लागलो. तिच्या तोंडाला फडकं बांधलं. कमान ओढताना दम लागतो, फडक्यात श्वास कोंडतो म्हणून तिने ते खाली ओढलं. दिवसभर ते गळ्यात लोंबत राहिलं. बाबा उठून कमानीशी बसले आणि थोड्या वेळातच भिंतीला टेकले. मग मी चळवळीतल्या मित्रांना हाक दिली. आले बिचारे, दादरहून दोघं आणि चाळीतला एक. मोठ्या उत्साहाने त्यांनी कमान हातात घेतली आणि घोषणांच्या तालावर ओढायला लागले. घोषणेच्या शेवटी जोराचा हिसका. त्या हिसक्याने खडा काडीवरून सुटला आणि गॅलरीत शेजारीण तांदूळ निवडत होती, तिच्या सुपात जाऊन पडला.

"महाराष्ट्र झालो की सांगा गे," ती आत डोकावून आईला म्हणाली. "तोवर मी दुसरीकडे बसतंय."

मित्र पोट धरून हसले. मीही हसलो. संध्याकाळी लालबागला सभा होती, ते निघाले. दुसऱ्या दिवशी एकजण आला, नंतर कुणी नाही. त्यांना नावं कशी ठेवू? मी तरी कुणाची कमान ओढायला गेलो असतो? ते गेल्यावर आई कोपऱ्यात जाऊन बसली आणि तिने दोरी ताणून पाहिली.

लहान चकती बसवून एकट्याने दोन्ही कामं करता येतात असं ऐकलं होतं. उजव्या हाताने कमान, डाव्या हाताने काडी. केलं. माझा डावा हात म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी हात. खडे असे निघाले की बाबांना शेंगदाण्याची उपमासुद्धा द्यावीशी वाटली नाही.

शेवटी मी सराणीचा लाकडी पाटच फिरवला. आईला उंबऱ्याशी, गॅलरीकडे पाठ करून बसवलं, आणि मी कोपऱ्यात. वारा तिच्या पाठीमागून येऊन धूळ माझ्याकडे आणायला लागला. दोन दिवसांत माझ्या नाकात तांबूस पापुद्रे धरले आणि आईच्या भुवया काळ्या दिसायला लागल्या. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

पण घुमट नीट उतरला की नाही ते दाराच्या उजेडात कळतं. उजेडाची एक पट्टी खड्यावर पडते आणि काडी फिरवली की घुमटावरून सरकते. सरळ सरकली तर ठीक. कुठे मोडली की तिथे पाट आहे. आता दारात आई होती. खड्यावर उजेड नव्हता, आईची सावली होती. पाट डोळ्यांना दिसेनात, मी अंदाजाने घासत राहिलो. रात्री कंदिलावर पाहिलं तर सगळे ठीक वाटायचे.

गिरगावात सराफाने ते दाराशी नेऊन एकेक फिरवून पाहिले आणि पुडीत परत बांधले. मी बोलायला तोंड उघडलं. कामगाराची छाती, कारागिराची पिळवणूक, सगळं तयार होतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. आईबाबांची चौकशी केली, दोघांना जपा म्हणाला. मग एक खडा माझ्या तळहातावर ठेवला.

"हा मी कुठे बसवू, तूच सांग."

तो कुठेच बसवता आला नसता. मला दिसत होतं.

घरी बाबांनी पुडी सोडली, पाहिली आणि सराणीचा पाट पूर्वीसारखा कर म्हणाले. माझा तोल गेला. मग हिच्या छातीत जाऊ दे का सगळं, मी विचारलं. तुमच्या गेलं तेवढं पुरे नाही झालं? चाळीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललो. आई चुलीपाशी होती, तिने मागे वळून पाहिलं नाही. बाबा खाटेवर उठून बसले.

"मगे काय करूया, सांग," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते. "सांग ना. तुका सगळा समाजता."

गिरणीत जातो म्हणालो. बाबा म्हणाले, पोलिसांत नाव गेलेल्या पोराला कोण घेतंय. ते खरंच होतं, दोनदा जाऊन परत आलो होतो. विजेची मोटर म्हणालो. चाळीचा मालक खोलीत दिव्याचीसुद्धा वीज देत नव्हता.  इतकी वर्षं लोकांना काय करायचं ते सांगत फिरलो, आणि माझ्या खोलीत, माझ्या बापाने विचारलं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्याच्या दारावर जाऊन ओरडावं असं कुणी नव्हतं. डॉक्टर भला माणूस, सराफ भला माणूस, वारासुद्धा भलाच, त्याच्यावाचून त्या खोलीत आम्ही उकडून मेलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभातफेरीहून परतलो तर सराणीचा पाट पुन्हा जुन्या जागी होता. आई दाराआडच्या कोपऱ्यात बसलेली, पदर खोचून, कमान मांडीवर घेऊन. एकटीने ओढून लावला असावा, जमिनीवर पाटाचे ओरखडे होते. बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजल्यासारखे पडले होते.

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. तिथून हलायचं नाही, सरळ आडवं व्हायचं, सत्याग्रह करायचा, असं काहीतरी डोक्यात आलं.

"सर रे थंयसून," आई म्हणाली. "उजेड अडता."

मी बाजूला झालो. सराणीशी बसलो, लाख तापवली, खडा चिकटवला. तिने कमान ओढायला सुरुवात केली. दाराच्या उजेडाची पट्टी खड्यावर उतरली आणि घुमटावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली, कुठेही मोडली नाही. तसा घुमट माझ्या हातून आधी कधी उतरला नव्हता. आई समोर खोकली. मी काडी उचलून थांबलो, तर तिने हातानेच खूण केली, चालू दे. कमान तिने थांबवलीच नव्हती.