दोन बोटांचा हात

सरावलीत खोली घेऊन मी तारापूरच्या एका कारखान्यात पत्रा ठोकायच्या प्रेसवर लागलो, तेव्हापासून तिथले एक काका रोज दिसायचे. नाव मी कधी विचारलंच नाही. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी ते उजव्या हाताने क्रूसाची खूण करायचे. त्या हाताला फक्त अंगठा आणि करंगळी उरली होती.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे हात आत सापडत नाही. मला मेली घाई! मी एका बटणात काडीपेटीची काडी खुपसली आणि ते दाबलेलंच ठेवलं.

काका आले. ओरडले नाहीत. तो हात बटणावर ठेवून म्हणाले, "मी पन काडीच घातली होती."

मी काडी काढली, पण चिडून विचारलं, "मग तुमच्या येशूने का नाही वाचवलं?"

ते हसले. "धड होतो तवा माजं कोन आयकत होतं? हात गेला तवा लय रडलो. बोललो, देवा, आता माजा काय उपेग? त्यानं हाच हात कामाला लावला. धड हातानं तुजी काडी निघाली असती काय?"

परवा ते निवृत्त झाले. सगळ्या प्रेस थांबवून आम्ही टाळ्या वाजवल्या. काकांनी तोच हात उंच केला. मी मुद्दाम शेडभर नजर फिरवली. टाळ्या वाजवणाऱ्या एकूण एक हाताला पाचही बोटं होती.