विनंती थांबा

भोरहून महाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गाव संपलं असं वाटतं तिथून थोडं पुढे आमची वसाहत आहे. रहिवासी संघ स्थापन झाला तो कचऱ्यावरून. मी वर्तमानपत्रातून निवृत्त झालेला, म्हणजे अर्ज लिहिता येणार, एवढ्या पात्रतेवर सचिव झालो. पथदिवे, गटारांची झाकणं, मोकाट कुत्री अशी कामं संघाने हाती घेतली आणि बहुतेक हातातच राहिली. एक मात्र तडीस गेलं.

ते काम शेजाऱ्यांच्या आईचं होतं. शेजारी सरकारी कार्यालयात कारकून. आई घाटाकडच्या हिर्डोशीला एकट्या राहत. भाताची दोन खाचरं, थोडी नाचणी आणि एक म्हैस. दर शनिवारी सकाळच्या एसटीने त्या पिठाची पिशवी घेऊन मुलाकडे येत आणि रविवारी परत जात. एसटी मुलाच्या घरासमोरूनच जायची, पण थांबायची ती थेट स्टँडवर. खिडकीतून आजींना घर दिसायचं, दोरीवर कुणाचे कपडे वाळताहेत तेही दिसायचं, आणि मग स्टँडवरून तेवढंच अंतर चालत मागे यायचं. गुडघे गेलेले. रिक्षाला त्यांचा ठाम नकार होता.

"दारावरनं आलेली मी. परत दारात यायला पैसं कशापायी देऊ?"

त्या उन्हाळ्यात त्या वाटेत दोनदा खाली बसल्या. दुसऱ्यांदा मुलाने त्यांना मोटारसायकलवर घालून आणलं आणि अंगणातच निकाल दिला. "आये, बास झालं. श्रावण सरला की म्हस इकायची आन हितंच ऱ्हायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी माझ्या पायरीवर येऊन बसल्या.

"भाऊ, तुमी अर्ज लिवता म्हनं. गाडी हितं थांबली तर माजं पाय टिकत्यात. पाय टिकलं तर म्हस टिकती. लिवा."

एवढा नेमका मुद्दा मला वर्तमानपत्रात कधी मिळाला नव्हता. संघाची बैठक बोलावली. थांबा हवा याबद्दल दुमत नव्हतं. तो कुणाच्या फाटकासमोर नको याबद्दलही नव्हतं. कंपाउंडच्या भिंतीला टेकून लोक बसतील, पानाच्या पिचकाऱ्या मारतील, डोकावून विचारतील, "भाजी कशाची?" शेवटी वसाहतीच्या तोंडाशी जी मोकळी जागा कुणाचीच नव्हती, ती ठरली. हात वर झाले. एक हात खाली राहिला, तो आजींच्या मुलाचा. मी लिहिलं: ठराव मंजूर, एक तटस्थ.

बाहेर पडल्यावर त्यांनी मला गाठलं. "थांबा झाला की आई कशाला राहायला येईल? तुम्ही माझ्याविरुद्ध अर्ज लिहिताय."

"अर्ज संघाचा आहे."

"संघात मी पण आहे ना!"

हे मी इतिवृत्तात घेतलं नाही आणि अर्ज पाठवला. आगाराने माणूस पाठवून जागा पाहिली आणि विनंती थांबा मंजूर केला. चढणाऱ्याने हात दाखवायचा, उतरणाऱ्याने कंडक्टरला सांगायचं, बस थांबेल. फलक तेवढा संघाने लावायचा होता.

शिवऱ्याचा एक पेंटर हायवेवरच्या ढाब्यांच्या पाट्या रंगवतो. त्याला मी फोन केला. त्याच्या बाजूला ट्रकचे हॉर्न वाजत होते. मी म्हणालो, "एसटीची पाटी. मजकूर 'विनंती थांबा'. बास." 'एसटीची' हा पहिला शब्द हॉर्नमध्ये गेला असावा. आयुष्यभर मी दुसऱ्यांचा मजकूर तपासला. हा दोनच शब्दांचा होता, म्हणून लेखी दिला नाही आणि तपासलाही नाही.

पाटी आली. वर लाल अक्षरात "विनंती!", खाली त्याहून मोठ्या अक्षरात "थांबा", आणि त्याखाली जोडलेले दोन हात. मनगटांत हिरव्या बांगड्या.

"हात कशाला?" मी विचारलं.

"सायेब, नुसतं थांबा म्हनलं तर कोन थांबतंय? म्हनून हात काढलं. हाताचं पैसं न्हाई लावलं."

अध्यक्ष म्हणाले, शब्द तर बरोबर आहेत. पाटी खांबावर चढली.

शनिवार उजाडला. श्रावणातला शनिवार म्हणजे पुण्याच्या गाड्या वरंध घाटाकडे धबधबे बघायला निघालेल्या. पहिली गाडी पाटीसमोर थांबली, काच खाली आली. "काका, घाट बंद आहे का?"

अध्यक्ष सकाळच्या फेरफटक्यावर होते. ते पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंते. त्यांना कुणी प्रश्न विचारून बरीच वर्षं झाली होती. बंद आहे असं ते म्हणाले नाहीत. दरड का कोसळते ते त्यांनी सांगायला घेतलं. मातीत पाणी मुरण्यापर्यंत ते आले तेव्हा गाडीने मोकळ्या जागेत वळसा घेतला आणि ती परत निघाली. ती वळताना पाहून मागची वळली. तिसऱ्या गाडीतल्या बाई खाली उतरून पाटीवरच्या हातांचा फोटो काढू लागल्या. थोड्याच वेळात वसाहतीच्या तोंडाशी गाड्याच गाड्या झाल्या. काही जाणाऱ्या, काही परतणाऱ्या, काही नुसत्याच चौकशी करणाऱ्या.

तेवढ्यात हिर्डोशीकडून एसटी आली. आजींनी कंडक्टरला सांगितलेलं होतं, कंडक्टरने घंटाही मारली. ड्रायव्हरने वेग कमी करून बाहेर डोकं काढलं. "थांबू कुठं? ह्यांच्या टपावर?" थांबायला खरोखरच जागा नव्हती. बस हळूहळू वाट काढत पुढे गेली. खिडकीतून आजी त्या जोडलेल्या हातांकडे मान वळवून बघत होत्या.

स्टँडवरून त्या चालतच आल्या. मुलाने पाणी आणून दिलं आणि अगदी हळू म्हणाला, "बघितलंस?" त्यांनी मला हाक मारली.

"भाऊ, पाटीवर काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं.

"आन ती म्हनती कुनाला?"

"एसटीला."

"मग येस्टीचं नाव कुठं हाय तितं? एका गाडीला हाक मारायची तर तुमी समद्या पुन्याला मारली."

तातडीच्या बैठकीत तरीही तासभर चर्चा झाली. एकाने उद्गारचिन्ह काढायचं सुचवलं. अध्यक्षांच्या मते पाटी तशीच ठेवून शेजारी "घाट चालू आहे" अशी दुसरी लावावी आणि माहितीसाठी एक खुर्ची ठेवावी. शेवटी आजींचंच ऐकलं. पेंटर शिवऱ्याहून आला, वर "एसटी" लिहिलं आणि हातांवर लाल बस काढली. हात झाकले गेले, पण बांगड्यांना रंग पुरला नाही. त्या अजून चाकांच्या बाजूला दिसतात.

पुढच्या शनिवारी बस थांबली. आजी पायरी पकडून उतरल्या, पिशवी उतरवून घेतली आणि चार पावलांत फाटकात आल्या. चहा झाला, पीठ डब्यात गेलं. मग त्यांनी विचारलं, "दुपारची गाडी किती वाजता?"

मुलगा थांबला. "आजच? उद्या जायचीस ना?"

"उद्या जायची ती पायामुळं. पाय दमायचं म्हनून ऱ्हायची. आज न्हाई दमलं." रिकाम्या पिशवीची घडी करत त्या पुढे म्हणाल्या, "तोंड कशाला पाडतुयास? गाडी तुज्याबी दारात थांबती की. तू ये."

त्या दुपारच्या गाडीने गेल्या. म्हैस विकायचा विषय त्या घरात पुन्हा निघाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

पंधरा दिवसांनी शनिवारी शेजारी थांब्यावर उभे दिसले. हातात पिशवी, पायात जुन्या चपला. सोमवारी सकाळच्या बसने परतले आणि घरी न जाता माझ्या फाटकाशी आले.

"ही गाडी अर्धा तास आधी हवी," ते म्हणाले. "आई पहाटे धार काढायला लावते, मग पळत गाडी गाठायची, आणि एवढं करून मी ऑफिसला उशिरा. अर्ज लिहा."

"बैठकीत ठेवावा लागेल."

"ठेवा की. सूचक म्हणून माझं नाव घाला."