आमच्या वस्तादाचे असिस्टंट

कुणाच्या घरात मोडक्या छत्र्या साठतात, कुणाच्या घरात मांजरं. आमच्या घरात सोडून गेलेल्या असिस्टंटांचे किस्से साठले. ठेवायला जागा नाही, म्हणून लिहिते. शाळा चौथीपर्यंत झालीय, तेवढी पुरे!

आमचे हे आगबोटीवर खलाशी होते. मुंबईच्या गोदीत गोऱ्यांचा फुटबॉल बघून आले आणि मुरुडजवळच्या आमच्या गावात टीम काढली. गाव ह्यांना वस्ताद म्हणू लागलं, आणि त्या शब्दात ह्यांचा जीव अडकला. बोटीवर कप्तान खलाशाशी थेट बोलत नाही. तो सारंगाला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला सांगतो, सारंग ओरडतो. हाच कायदा ह्यांनी वाळूवर आणला. हे असिस्टंटच्या कानात पुटपुटणार, त्यानं गड्यांना ओरडून सांगायचं. गोल मारला तर हुकूम ह्यांचा, खाल्ला तर ओरडणं त्याचं!

०

पहिला रामा नाखवा. हे एका लग्नाला अलिबागला गेले, त्याच दिवशी टीम पहिल्यांदा जिंकली. परत आल्या आल्या हे म्हणाले, "बघितलंस? मी नसतानाही माझी शिकवण चालते!"

रामा म्हणाला, "तू नसलास तरच चालते, वस्ताद. पुढच्या मॅचला कुणाचं लगीन हाय का बघ."

चहा अर्धा टाकून गेला तो गेलाच. हे गावभर सांगत सुटले, "त्याची तब्येत बरी नसते." वल्ही मारून ज्याचे दंड खांबासारखे झालेत, त्याची तब्येत!

०

मग अब्बासभाई. ऐन मॅचला त्यांचा घसा बसला. भला माणूस, त्यांनी गावचा दवंडीवाला आणून उभा केला. हे पुटपुटले, "डावीकडून पळा." अब्बासभाईंनी ते त्याच्या कानात घातलं. त्यानं सवयीनं आधी ढोल बडवला. "ऐका हो ऐका! समस्त गावकऱ्यांना कळवण्यात येतं की..."

आमचे गडी दवंडी ऐकायला उभे राहिले, आणि उजवीकडून गोल बसला!

हे अब्बासभाईंवरच भडकले. ते मला बसक्या आवाजात म्हणाले, "भाबी, अल्ला तुम्हाला सबुरी देवो. माझी संपली."

०

तिसरा माझा धाकटा भाऊ वसंता. घरचा माणूस टिकेल, म्हणून मीच उरणहून बोलावला. मॅच ओहोटीच्या वाळूवर. वसंता म्हणाला, "भावोजी, भरती लागली. उरकायला सांगा."

"तुला पाण्यावर नजर ठेवायला आणलाय का? हुकूम ओरड!"

गुडघाभर पाणी चढलं. चेंडू तरंगत तरंगत आमच्या गोलात गेला. हे पंचावर धावले, "हा गोल दर्यानं मारला! दर्या त्यांच्या टीमात न्हाय!"

वसंता म्हणाला, "आधी आपल्यात असंल, भावोजी. सोडून गेला."

पुढच्या मचव्यानं भाऊही उरणला गेला. भाऊबिजेलासुद्धा आला नाही मेला!

०

मग पाटील ओटीवर येऊन बजावून गेले, "वहिनी, पुढच्या मॅचला असिस्टंट न्हाय मिळाला, तर वस्ताद बदलणार."

गावात एक गडी तयार होईना. हे भिंतीकडं तोंड करून बसले. कधी नव्हे ती मला कीव आली. म्हटलं, "उठा. मी ओरडते. तुमच्यावर ओरडून घसा तयार हाय."

सगळा गाव हसायला जमला. मी पदर खोचून उभी राहिले. खेळ संपत आला तरी बरोबरी. हे पुटपुटले, "सगळे मागं या. गोल सांभाळा."

मी ओरडले, "मेल्यांनो, सगळे पुढं मरा!"

गोल! जिंकलो!

घरी येताना हे माझ्या दहा पावलं पुढं चालले. सकाळी गाठोडं उचलून म्हसळ्याला बहिणीकडं चालते झाले. कुणीतरी सोडून गेल्याचं ऐकून पाटील धापा टाकत आले. "वहिनी, तुम्हीपण सोडलंत?"

"असिस्टंट मी, मी कुठं सोडलं? हेड सोडून गेलाय."

पाटलांनी डोकं खाजवलं. "मग आता वस्ताद कोण?"

"संध्याकाळी ओहोटी लागली की गड्यांना पाठवा."

काही दिवसांनी हे परत आले. घरी न जाता वाळूच्या कडेला उभे राहिले. गडी पळतायत, मी ओरडतेय. बराच वेळ बघितलं, मग जवळ येऊन हळूच विचारलं, "असिस्टंट कोण?"

म्हटलं, "जागा रिकामी हाय. पण आधीच सांगते, इथं हेडशी कुणाचं पटत न्हाय."