रश्मीचा ताप कोणी दाबला?

रश्मीचा विश्वासघात झाला यंदाच्या कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पारशिवनीच्या बाजारातल्या एका दवाखान्यात. ती गेली त्यानंतर आठवड्याभरानं, नागपुरात, रामदासपेठेतल्या एका इस्पितळात. लोक गेल्याचा दिवस लक्षात ठेवतात. मी आधीचा ठेवलाय. तिच्या धाकट्या बहिणीचा, पल्लवीचा फोन आला तेव्हा मी छापखान्यात आमच्या पत्रकाचा कागद निवडत होते. "ताई, रश्मीताई गेली वं..." मशीन खडखडत राहिलं, आणि छापणारा विचारत राहिला, पिवळा घ्यायचा की पांढरा.

रश्मी कन्हानच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची आणि सुट्टीत आमच्याबरोबर गावोगाव फिरायची. आमची मोहीम एकाच गोष्टीविरुद्ध होती: ताप आला की काय झालंय ते न तपासता, न सांगता टोचलं जाणारं 'मिक्स इंजेक्शन'. पत्रक मी लिहायचे. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, 'सायटोकाइन ही रोगप्रतिकारक पेशींनी स्रवलेली संदेशवाहक प्रथिने होत.' वाचून ती खो खो हसली. "हे कोण वाचंन वं? तू काय परीक्षेले बसून राहिली? आवतन लिही, आवतन." आपल्याकडे घरी जेवण असलं की नुसती पत्रिका देऊन भागत नाही. स्वयंपाक झाला की कुणीतरी दारोदार जाऊन 'चला जेवाले' म्हणावं लागतं, तेव्हा पंगत भरते. शरीरात तसंच, ती म्हणायची. जंतू शिरला की पहाऱ्यावरच्या पेशी त्याला ओळखतात आणि ही इवली प्रथिनं बाहेर सोडतात. ती आवतन घेऊन फिरतात. त्यांच्या सांगण्यावरून रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात, लढणाऱ्या पेशी बाहेर येतात, म्हणून तर सूज, लाली, ठणका. काही मेंदूपर्यंत निरोप पोचवतात, आणि अंग तापतं. मिक्स इंजेक्शनातलं स्टेरॉइड या आवतन देणाऱ्यांचं तोंड बंद करतं. कधीकधी ते करावंच लागतं, पण आजार ओळखून, जंतूवरचं औषध सोबत देऊन. नाहीतर ताप उतरतो, माणूस उठून कामाला लागतो, आणि जंतू आत निवांत वाढत राहतो... मी ते जसंच्या तसं छापलं.

पारशिवनीच्या आमच्या सभेला तिथले जुने डॉक्टर आले होते. रश्मीच्या लहानपणापासूनचे सगळे ताप त्यांनीच पाहिलेले, घरात सगळे त्यांना डॉक्टरकाका म्हणत. माइक हातात घेऊन ते म्हणाले, यापुढे मी न सांगता स्टेरॉइड देणार नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यांचा फोटो पत्रकावर छापला.

कोजागिरीला रश्मी घरी होती, अंगात ताप होता आणि दोन दिवसांवर पल्लवीचा साखरपुडा. ती नागपूरला येऊन रक्त तपासून घेणार होती. आई म्हणाली, "आता कुठं जातं वं, पाहुणे येऊन राहिले. काकाकडून एक सुई घेऊन ये." दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात गेली. सोबत पल्लवी होती, म्हणून पुढचं मला माहीत आहे. बाही वर करण्याआधी रश्मीनं विचारलं, "काका, याच्यात स्टेरॉइड नाही ना?" ते म्हणाले, "नाही वं बेटा, साधं तापाचं आहे."

संध्याकाळी तिचा मला फोन. "एकदम फ्रेश वाटून राहिलं! तपासणी आता साखरपुड्यानंतर करतो." साखरपुड्यात ती वाढायला उभी होती. तीन दिवसांनी तिला जिना चढवेना. रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या गुडघ्यामागची काळी खपली पाहिली आणि लगेच ओळखलं: स्क्रब टायफस. नवरात्रात शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फोटो काढताना गवतातला किडा चावला असणार, दिसतही नाही तो. वेळेवर सुरू केल्या तर साध्या गोळ्यांनी बरा होणारा आजार. पण जंतू तोवर सगळीकडे पोचला होता, आणि आता शरीर सगळीकडून एकदम हाका मारत होतं. इतक्या, की रक्तवाहिन्या जागोजागी पाझरू लागल्या, फुप्फुसं पाण्यानं भरली.

तेरवीला डॉक्टरकाका पंगतीत होते. मी समोर जाऊन विचारलं, सुईत काय होतं?

"थोडंसं डेक्सा होतं. घरी कार्य, पोरगी तापानं फणफणलेली. मी नसतं दिलं तर दुसऱ्यानं दिलं असतं."

डेक्सा म्हणजे स्टेरॉइडच. "मग तिला 'नाही' असं का सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तिनं घेतलंच नसतं ना वं..." असं म्हणून त्यांनी वाढप्याला वरण मागितलं.

म्हणजे त्यांना माहीत होतं की ती नाही म्हणेल. तो नकार टाळायलाच ते खोटं बोलले. आणि रश्मीचे बाबा माझा हात धरून मला बाजूला नेऊन म्हणाले, "जाऊ दे बेटा. आपल्या घरचाच माणूस आहे." हो, म्हणूनच. परक्या डॉक्टरच्या शब्दावर तिनं दंड पुढे केला नसता.

पल्लवीनं आरोग्य अधिकाऱ्याकडे तक्रार केलीय. त्या दिवसापासून बाबा तिच्याशी बोलत नाहीत. सासरकडून निरोप आला की हे लग्नाआधी मिटवा. आणि डॉक्टर आता म्हणतात, असं काही बोलणंच झालं नाही, पोरीनं काहीतरी भलतंच ऐकलं. एकटीच्या शब्दाला कोण विचारतं? पण ती एकटी नव्हती. त्या सकाळी दवाखाना भरलेला होता, मधे नुसता पडदा होता, आणि रश्मीचा आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा होता. पडद्याबाहेर नंबर लावून बसलेल्या पारशिवनीकरांनो, तुम्ही तिथे होतात. तुम्ही तिचा प्रश्न ऐकलात आणि त्यांचं उत्तरही ऐकलंत. या आठवड्यात पल्लवीच्या घरी जा, आणि जे ऐकलं ते सही करून लिहून द्या.