एकाच झाडाच्या कोयी

आंब्याच्या चिकाचा वास आला की मला ताईचं मळवलीचं अंगण आठवतं. माहेरच्या एकाच रायवळ आंब्याच्या कोयी आम्ही दोघी बहिणींनी आपापल्या सासरी लावल्या होत्या. तिचा आंबा साखर निघाला, माझ्या आंब्याने दात आंबले. शाळेत विज्ञान शिकवणारी ताई हसून म्हणाली, "अगं, बी तयार होण्याआधीच गुणसूत्रं आपसांत तुकडे बदलतात. प्रत्येक कोयीला वेगळीच वाटणी येते. आपल्या दोघींचंच बघ की!" बघत तर मी होतेच, आईचे घारे डोळेही तिच्याच वाटणीला आलेले. निघताना मी तिच्या झाडाची एक काडी गुपचूप पदराखाली घेतली आणि घरी येऊन माझ्या झाडावर कलम बांधलं. आता माझ्याकडेही तिचाच गोड आंबा लागतो. तेवढं डोळ्यांचं कलम बांधता येत नाही, नाहीतर तेही चोरलं असतं.