वर्गात धरलेला हात

परवा नातीला शाळेत सोडायला गेलो आणि वर्गातला खडूचा वास नाकात शिरला. त्यासरशी कर्जतची ती शाळा आठवली.

तेव्हा बायको मुलीला घेऊन माहेरी गेली होती. दारू सुटली तरच परत येईन, असा तिचा निरोप होता. एका रविवारी मेव्हण्यानं मला बैल दाखवतो म्हणून नेलं आणि त्या शाळेच्या वर्गात भरणाऱ्या दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीत बसवलं. ती फसवणूक मी अजून विसरलेलो नाही.

माझं आयुष्य जनावरांच्या बाजारात गेलेलं. कुणी फुकट चहा पाजला की याला काय हवंय, हे मी आधी हुडकतो. इथं तर चहा फुकट, फी नाही, आडनावही कुणी विचारेना. मी दाराजवळचा बाक धरला.

शेवटी सगळे एकमेकांचे हात धरून उभे राहिले. शेजारच्या म्हाताऱ्यानं माझी चार बोटं करकचून दाबली. आम्ही व्यापारी रुमालाखाली अशीच बोटं दाबून भाव सांगतो. माझं डोकं सटकलं.

"ओ पाव्हणं, कसला सौदा करताय? काय पायजे ते तोंडानं बोला."

"सौदा न्हाई वो," तो खाली बघत म्हणाला. "सोडून आज चौथा दिस हाय. हात लई कापतोय, म्हनून घट्ट धरला. तुमचा बी कापतोय की."

इतकी वर्षं लोकांची बोटं ओळखणारा मी. माझाच हात कापतोय, हे मला त्याच्याकडून कळलं. पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो, मेव्हण्याला कळू न देता.